मोमबत्ती विझवायची रीत

मागच्या रविवारी मायची पत्र्याची पेटी उघडली. ती जाऊन चार वर्षं झाली, तरी पेटी माझ्या पलंगाखाली जशीच्या तशी होती. आत दोन पांढरी पातळं, रेशन कार्डाच्या झेरॉक्स, पूजापाठाची कव्हर निघालेली पुस्तिका आणि मोमबत्तीच्या तुकड्यांनी गच्च भरलेला बिस्किटांचा डबा. त्या तुकड्यांच्या तळाशी सुई सापडली. गोधडी शिवायची जाड सुई. टोक जळून काळंनिळं झालेलं, नेढ्यात पांढरं मेण अडकलेलं.

आमच्या चंद्रपूरकडे मेणबत्तीला मोमबत्तीच म्हणतात, म्हणून इथेही मी तोच शब्द ठेवते.

त्या सुईनं मायनं कधी गोधडी शिवल्याचं मला आठवत नाही. ती सुई मोमबत्तीची होती. घरात बुद्धवंदना झाली, 'साधु, साधु, साधु' म्हणून झालं, की मोमबत्ती विझवायचं काम मायचं. ती फुंकर कधीच मारत नसे. सुईच्या टोकानं जळती वात हळूच वाकवायची, बुडाशी साचलेल्या पातळ मेणात बुडवायची आणि लगेच पुन्हा उभी करायची. ज्योत जायची. धूर नाही, वास नाही. आम्हा तिघा भावंडांना एकच ताकीद होती, "फुकायची नाही रे मोमबत्ती." का नाही, ते तिनं सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. ताटात पाय लागू द्यायचा नाही, पुस्तकावर बसायचं नाही, तसंच तेही एक.

आमच्या घरात मोमबत्ती आली ती आजीमुळे, बाबांच्या आईमुळे. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपुरात दीक्षा घेतली आणि दिली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. दोन दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, ते चांद्याला आले आणि तिथेही दीक्षेचा सोहळा झाला, हे विदर्भाबाहेर फारसं कोणाला आठवत नाही. चंद्रपूरला तेव्हा चांदाच म्हणत. आमचं गाव तिथून अर्ध्या दिवसाच्या चालीवर. आजी शेजारणीकडून पांढरं लुगडं मागून, पाच वर्षांच्या बाबांना कडेवर घेऊन गेली. बाबासाहेब तिला दिसले ते फार लांबून. पण बावीस प्रतिज्ञा तिनं आपल्या तोंडानं म्हटल्या, आणि पुढे म्हातारपणी बाकी सगळं विसरली तरी त्या दिवशी डोक्यावरचा पदर कितीदा सरकला तेही सांगायची.

घरी आल्यावर तिनं भिंतीतल्या देवळीतले देवांचे टाक आणि शेंदूर फासलेली मरीमाय टोपलीत भरली आणि गावच्या तळ्यात सोडून आली. देवळी रिकामी झाली. किती तरी महिने ती तशीच रिकामी होती. संध्याकाळ झाली की आजीचा हात आपोआप दिव्याकडे जायचा आणि थांबायचा. दिवा लावायचा तर कोणासमोर? मग वस्तीतल्या एका गुरुजींनी नागपूरहून बाबासाहेबांचा फोटो आणला, पुढे बुद्धाची तसबीर आली, आणि बाबासाहेबांनी १९५६ सालीच तयार केलेल्या 'बौद्ध पूजापाठा'तल्या गाथा गुरुजी संध्याकाळी म्हणून दाखवू लागले. गाथांबरोबर मोमबत्ती आली.

तेलाचा दिवा का नाही, हे मी आजीला लहानपणी विचारलं होतं. तिची दोन उत्तरं होती आणि ती आलटून पालटून द्यायची. एक, "जवसाचं तेल भाजीले पुरे ना, दिव्याले कुठून आणू?" दुसरं, "तो दिवा मरीमायसमोर जळला होता, बाई. नव्या घरात नवा उजेड पाहिजे." मला दोन्ही खरी वाटतात. आमच्या माणसांच्या निर्णयात पोट आणि मान या गोष्टी अशाच एकत्र असायच्या. आणखी एक गोष्ट आजी बोलली नाही, पण मला दिसते. जुन्या दिव्याशी, तेलाशी, वातीशी कोणी काय शिवायचं आणि कोणी नाही याचे शंभर नियम चिकटलेले होते. मोमबत्ती दुकानातून कागदात गुंडाळून यायची. तिला आधीचा जन्म नव्हता. ती कोणाच्याही हातानं पेटायची आणि कोणाच्याही घरात सारखाच उजेड द्यायची.

बाबा खाणीत होते. माझ्या लहानपणी, १९८० च्या सुमारास, गावात वीज होती पण रात्री हमखास जायची. म्हणून घरातली मोमबत्ती दोन कामं करायची. सातला वंदना, आठपासून अभ्यास. वंदनेची उरलेली मोमबत्ती पाटावर चिकटवून आम्ही तिघं तिच्याभोवती बसायचो. कोणाला त्यात काही गैर वाटलं नाही. माय म्हणायची, बाबासाहेबांसमोरच्या उजेडात अभ्यास नाही करायचा तर काय करायचं? आमच्या घरात यापेक्षा मोठं पूजेचं काम कोणी मला शिकवलं नाही.

मोमबत्त्या मायच घरी करायची. वस्तीतल्या चारपाच बायकांनी मिळून अॅल्युमिनियमचा साचा घेतला होता, दोन फाळ्यांचा, पुस्तकासारखा उघडणारा. एका वेळी बारा निघायच्या. आधी फाळ्यांना आतून कपड्यानं तेलाचा हात फिरवायचा, नाहीतर मोमबत्ती निघताना तुटते. मग सुताचा धागा साच्याच्या खाचांतून वरखाली ताणून घ्यायचा. फाळ्या मिटून चिमटे लावायचे. पॅराफिन मेणाची लादी हातोडीनं फोडून तुकडे भांड्यात, ते भांडं उकळत्या पाण्याच्या दुसऱ्या भांड्यात. मेण थेट आगीवर ठेवलं तर पेटतं, म्हणून ती पाण्याशिवाय कधी वितळवू द्यायची नाही. ओतून झालं की साचा पाण्याच्या घमेल्यात. थंड होताना मेण आकसतं आणि मध्ये खड्डा पडतो, तो पुन्हा थोडं मेण ओतून भरायचा. वंदनेतून उरलेले, अभ्यासातून उरलेले तुकडेही त्याच भांड्यात जायचे. त्यामुळे आमच्या घरची मोमबत्ती कधी पूर्ण नवी नसायचीच. तिच्यात मागच्या महिन्यातल्या संध्याकाळी असायच्या.

१५ आणि १६ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर माय त्या विकायला न्यायची. गोणपाटावर मोमबत्त्या, अगरबत्तीचे पुडे, पंचशीलाचे छोटे झेंडे. शेजारी पुस्तकांची दुकानं. संध्याकाळी माणसं मोमबत्ती घेऊन रांगेत लागायची. विकत घेणारी बाई अनवाणी आलेली असली, तर माय पैसे घ्यायची पण एक जास्तीची द्यायची. मी हिशोब ठेवायला बसायचे, त्यामुळे हे मला पक्कं माहीत आहे. हिशोब कधीच जुळला नाही.

दादा कॉलेजात गेला, चळवळीत पडला, आणि एका आषाढ पौर्णिमेला त्यानं घरात वाद काढला. म्हणाला, बावीस प्रतिज्ञा घेऊन देव सोडले आणि फोटोपुढे मोमबत्ती-अगरबत्ती लावून पुन्हा पूजाच करता, मग बदललं काय? बाबा गप्प. माय स्वयंपाकघरात. त्याचा प्रश्न मला पोरकट वाटला नाही, आजही वाटत नाही. मी त्या वर्षी बारावीला होते, उत्तर नव्हतं. पुढे हळूहळू गाथांचा अर्थ लावत गेले, तेव्हा ते मिळालं.

मोमबत्ती लावताना आपण म्हणतो:

घनसारप्पदित्तेन, दीपेन तमधंसिना।
तिलोकदीपं सम्बुद्धं, पूजयामि तमोनुदं॥

घनसार म्हणजे कापूर. अंधार घालवणाऱ्या, कापरानं उजळलेल्या दिव्यानं मी त्या सम्बुद्धाची पूजा करते, जो स्वतःच तिन्ही लोकांचा दिवा आहे, अंधार दूर करणारा आहे. यात मागणं कुठेच नाही. हे दे, ते कर, माझं राख, असा एक शब्द नाही. फुलं वाहतानाची गाथा तर याहून स्पष्ट आहे. 'पुप्फं मिलायाति यथा इदं मे, कायो तथा याति विनासभावं.' हे फूल जसं कोमेजतं, तसा माझा देहही नाशाकडे जातो आहे. फूल वाहायचं ते कोणाला खूश करायला नाही, तर ते सुकणार आहे हे आपल्या डोळ्यांनी बघायला. मोमबत्तीचंही तेच. वंदना सुरू करताना ती केवढी होती आणि 'भवतु सब्ब मंगलं' म्हणेपर्यंत केवढी उरली, हे समोर दिसतं. दादाला मी हे पत्रानं कळवलं होतं. त्यानं उत्तरात लिहिलं की अर्थ कळून लावत असाल तर माझी हरकत नाही. आता तो स्वतः लावतो.

मागण्याची मोमबत्ती मी पाहिली आहे आणि तिच्याबद्दल मला आदर आहे. बी.एड.च्या वेळची माझी एक मैत्रीण वांद्र्याची. तिच्याबरोबर माउंट मेरीला, कोळी लोकांच्या मोतमाउलीला, सप्टेंबरच्या जत्रेत गेले होते. चढावर दुकानांत मेणाचे हात, पाय, घरं, तान्ही बाळं मांडलेली. मैत्रिणीच्या आईचा गुडघा धरला होता, तिनं मेणाचा पाय घेतला आणि माउलीपुढे ठेवला. पुढे उभ्या असलेल्या बाईच्या हातात मेणाचं बाळ होतं. कपाळावर कुंकू होतं, म्हणजे ती ख्रिस्ती नसावी. त्या बाळाकडे बघताना माझ्या घशाशी आलं. मला माय आठवली.

कारण माझ्याआधी मायला एक मुलगा झाला होता आणि तो सव्वा महिन्याचा होऊन गेला. तिनं कुठे नवस केला नाही. प्रतिज्ञा मोडायची नव्हती. तिनं तो काळ कसा काढला ते मला बरंच उशिरा, आणि अगदी थोडं, कळलं.

२००५ च्या पावसाळ्यात कळलं. वर्षावास चालू होता. आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत आमच्या वस्तीतल्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. त्या वर्षी मी सुट्टीला घरी गेले होते, आणि वाचायला थेरीगाथा घेतल्या होत्या. थेरी म्हणजे बुद्धाच्या काळच्या ज्येष्ठ भिक्खुणी. त्यांनी स्वतःच्या मुक्तीबद्दल रचलेल्या या गाथा. त्यात पटाचारेची आहे. पटाचारेची कथा आपल्याकडे अनेकांना ठाऊक असते. नवरा सर्पदंशानं गेला, एक मूल पुरात वाहून गेलं, तान्ह्याला ससाण्यानं उचललं, माहेरी पोचली तर घर कोसळून आईबाप आणि भाऊ गेलेले. ती वेडी झाली, अंगावरच्या वस्त्राचं भान राहिलं नाही, आणि अशा अवस्थेत बुद्धासमोर आली. पण गाथेत ती यातलं काहीच सांगत नाही. ती सांगते ते शेवटच्या रात्रीचं, आणि तेही किती साधं. पाय धुतले, पाणी उतारानं वाहत जाताना पाहिलं. मग दिवा घेऊन खोलीत गेले. अंथरूण पाहिलं, खाटेवर बसले. आणि मग:

ततो सूचिं गहेत्वान, वट्टिं ओकस्सयामहं।
पदीपस्सेव निब्बानं, विमोक्खो अहु चेतसो॥

मग सुई घेऊन मी वात खाली ओढली. दिव्याचं विझणं, तसंच चित्त मोकळं झालं.

मी वाचता वाचता थांबले. सुई. वात खाली ओढली. ही गोष्ट मी हजारदा पाहिली होती. समोर, पहिल्याच रांगेत, माय बसली होती.

घरी आल्यावर तिला ती गाथा पुन्हा, मराठीत, सावकाश सांगितली. तिनं पटाचारा हे नाव ऐकलं होतं, सुईचं ऐकलं नव्हतं. थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "तो गेला तेव्हा मले झोप येत नव्हती. तुझ्या आजीनं सांगितलं, रोज रात्री मोमबत्ती लाव, तिच्याकडे पाहत बस, आन् मंग हातानं विझव. फुकू नको. फुकलं का राग निघते. सुईनं विझवलं का मन लागते." एवढं बोलून ती भांडी घासायला उठली. आजीला हे कोणी सांगितलं होतं? पटाचारा आणि आजीच्या मध्ये अडीच हजार वर्षं आहेत आणि त्यातली बरीच आमच्या माणसांनी या धम्माचं नावही न ऐकता काढली. आजीला अक्षर वाचता येत नव्हतं. मी यात चमत्कार शोधत नाही. अंधाऱ्या घरात दिव्याजवळ बसलेल्या दोन दुःखी बायकांना एकच गोष्ट सुचू शकते, यावर माझा विश्वास आहे.

मी विज्ञान शिकवते, तेव्हा मायची रीत मी वर्गातही नेली. आठवीच्या मुलांना मोमबत्ती लावून दाखवते आणि विचारते, जळतंय काय? सगळे म्हणतात धागा. मग सांगते की धागा नुसता वाटाड्या आहे. ज्योतीच्या उष्णतेनं मेण वितळतं, पातळ मेण धाग्यातल्या बारीक जागांतून वर चढतं, तिथे त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते. मुलांचा विश्वास बसत नाही. मग फुंकर मारते. वातीतून पांढऱ्या धुराची रेघ निघते, काडी पेटवून वातीपासून दोन बोटं वर त्या रेघेला लावते, आणि ज्योत उडी मारून खाली वातीवर येते. वर्ग ओरडतो. तो धूर म्हणजे न जळलेली मेणाचीच वाफ, थंड होऊन बारीक कण झालेली. फुंकरीनं ज्योत जाते पण वात गरमच राहते, वाफ निघतच राहते. मग दुसऱ्यांदा मायच्या पद्धतीनं विझवते. वात पातळ मेणात बुडाली की तिची उष्णता निघून जाते, वाफ थांबते, धूर येत नाही. वर वातीला मेणाचा थर बसतो, म्हणून दुसऱ्या दिवशी एका काडीत पेटते. काड्यांच्या पेटीचाही हिशोब ठेवणाऱ्या बाईला हे न शिकता कळलं होतं.

आमच्या घरच्या मोमबत्तीला सुई आणखी एका कामाला लागायची, गूल काढायला. साधा पिळाचा धागा जळताना सरळ उभा राहतो, त्याच्या टोकाला काजळीचा बोंडा धरतो आणि ज्योत काळी ओकायला लागते. दुकानच्या मोमबत्तीत वात विणलेली असते. १८२० च्या दशकात फ्रान्समध्ये कांबासेरेस नावाच्या माणसानं ही युक्ती काढली. विणलेली वात जळताना एका बाजूला वळते, तिचं टोक ज्योतीच्या कडेला येऊन आपोआप जळून जातं. आमच्याकडे ती नव्हती. एकदा माय बाळंतिणीला बघायला गेली आणि गूल काढायचा राहिला, ज्योत वाढली, आणि बाबासाहेबांच्या फोटोचा खालचा कोपरा करपला. फ्रेम बदलली, फोटो बदलायला मायनं नकार दिला. तो करपलेल्या कोपऱ्याचा फोटो आता माझ्या नागपूरच्या घरात आहे, आणि मोमबत्ती त्याच्यापासून हातभर लांब असते.

या फोटोचा उपयोग अजिंठ्याला झाला. २०११ मध्ये मायला घेऊन गेले. सव्वीस नंबरच्या लेण्यात महापरिनिर्वाणाचं शिल्प आहे, उजव्या कुशीवर पहुडलेले तथागत, जवळपास सात मीटर लांब, खाली शोक करणारे शिष्य. माय त्यांच्या पायाशी गेली आणि पदराच्या गाठीतून मोमबत्ती आणि काडेपेटी काढली. राखणदार धावत आला. त्याचं बरोबरच होतं. मायला वाईट वाटलं, म्हणाली, आपल्याच बापासमोर लावू देत नाही का? मी तिला सांगितलं की इथल्या चित्रांवर दिव्यांच्या काजळीचे थर बसून ती काळवंडली आहेत. ती लगेच म्हणाली, "आपल्या फोटोसारखी?" मी हो म्हटलं. तिनं काडेपेटी गाठीत परत बांधली. न पेटवलेली मोमबत्ती दोन्ही हातांत धरून ती 'घनसारप्पदित्तेन' म्हणायला लागली, आधी हळू, मग मोठ्यानं. लेणं घुमतं. शाळेच्या सहलीचा एक घोळका आत आला होता, ती पोरं आपोआप गप्प झाली. पोरांच्या बाई बहुतेक आमच्यातल्याच असाव्यात, त्यांनी हात जोडले आणि पुढची ओळ मायबरोबर म्हटली.

ती मोमबत्ती त्या रात्री लॉजच्या खिडकीत लागली.

थायलंडमध्ये उबोन रातचाथानी इथे वर्षावासाच्या सुरुवातीला मोमबत्त्यांचा मोठा उत्सव असतो. माणसापेक्षा उंच, नक्षी कोरलेल्या मोमबत्त्यांची मिरवणूक निघते. मूळ रीत साधी होती. तीन महिने भिक्खू एका जागी राहणार, रात्री वाचणार, पाठ करणार, तर त्यांना उजेड हवा, म्हणून उपासकांनी मोमबत्त्यांचं दान द्यायचं. हे कळलं तेव्हा आमचा पाटावरचा अभ्यास आठवला.

एक गोष्ट मात्र मला टोचते आणि ती लिहून टाकते. अलीकडे १३ एप्रिलच्या रात्री बाराला चौकाचौकात भीमजयंतीचा केक कापतात. केकवर मोमबत्त्या लावतात आणि फुंकून विझवतात. पोरांचा उत्साह मला कळतो, त्यांचं प्रेम खरं आहे. पण ज्या माणसानं आम्हाला उजेडात आणलं, त्याच्या जन्मदिवशी आपल्याच तोंडानं उजेड विझवायचा आणि टाळ्या वाजवायच्या, हे मला सहन होत नाही. गेल्या वर्षी आमच्या गल्लीतल्या पोरांना मी तसं सांगितलं. दोघांनी तोंड फिरवलं. एकानं विचारलं, मग काय करायचं, मॅडम? म्हटलं, केक कापा, खा, पण मोमबत्त्या काढून त्यांच्या फोटोसमोर ठेवा आणि जळू द्या. त्यांनी तसं केलं. यंदा मला सांगावं लागलं नाही.

माय २०२१ मध्ये गेली. पुण्यानुमोदनाला भन्तेजींनी रतनसुत्त म्हटलं. ते मला पाठ आहे, तरी शेवटाकडची ओळ आली तेव्हा पहिल्यांदाच ऐकल्यासारखी ऐकली. 'निब्बन्ति धीरा यथायं पदीपो.' धीर माणसं विझतात, जसा हा दिवा. 'हा' दिवा. म्हणजे जो आत्ता समोर आहे तो, बोट करून दाखवलेला. मी समोर पाहिलं. मायच्या फोटोपुढे दुकानची जाड मोमबत्ती जळत होती. 'मिलिंदप्रश्न' या पाली ग्रंथात मिलिंद राजाला भिक्खू नागसेन विचारतो, रात्रीच्या पहिल्या प्रहरातली ज्योत आणि मधल्या प्रहरातली ज्योत एकच का? राजा म्हणतो, नाही. मग रात्रभर वेगवेगळे दिवे जळले का? तेही नाही, दिवा तोच. पुनर्जन्माचं हे उत्तर मी मुलांना मोमबत्तीवरून शिकवू शकेन इतकं मला येतं. त्या रात्री काहीच येत नव्हतं. माणसं गेल्यावर मोमबत्ती विझवायची वेळ आली. मी सगळ्या घरात सुई शोधली, देवळी, ताटांची मांडणी, शिवणाची पिशवी. सापडली नाही. दादा म्हणाला, राहू दे, आपोआप विझेल. आम्ही तिघं ती संपेपर्यंत बसलो. पहाटे साडेतीनला संपली.

ती सुई मागच्या रविवारी सापडली. मोमबत्तीच्या तुकड्यांच्या डब्यात, म्हणजे जिथे असायला हवी तिथेच. आम्ही कोणी तिथे पाहिलं नव्हतं, कारण तो डबा आम्हाला नुसता भंगाराचा वाटला होता.

सोमवारी तुकडे वितळवले, पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून. साचा आता कोणाकडे आहे कोण जाणे, म्हणून स्टीलच्या पेल्यात धागा सोडून ओतलं. मेणाचा रंग पांढरा नाही आला, मळकट आला, त्यात काजळीचे काळे कण दिसतात. संध्याकाळी लावली. वंदना झाल्यावर सुई घेतली. हात कापला, वात मेणात नीट बुडाली नाही, अर्धवट विझली आणि धुराची रेघ उठली. माझी लेक म्हणाली, "दे, मी करते." तिला सांगितलं, थांब, पुन्हा पेटव. दुसऱ्यांदा वात वाकवली, बुडवली, उभी केली. या वेळी धूर आला नाही. मग सुई तिच्या हातात दिली आणि तिला तिसऱ्यांदा पेटवायला लावली.